इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखायच्या तर आधी शब्दाची जागा बघा

मी पुण्यात घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. दुपारी स्कॉलरशिप परीक्षेची शाळकरी मुलं असतात, संध्याकाळी पेठांमधल्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मोठी मुलंमुली येतात, आणि वय कितीही असो प्रश्न ठरलेला, "मॅडम, 'फास्ट' म्हणजे ॲडजेक्टिव्ह ना?" नुसता शब्द सांगतात, वाक्य सांगतच नाहीत. म्हणून ही सगळी पद्धत एकदा नीट लिहून काढतेय, कारण शब्दांच्या जाती म्हणजे पाठांतर असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, मग ती याद्या घोकतात आणि परीक्षेत नेमका यादीतला शब्द दुसऱ्याच कामावर आलेला असतो.

तर पहिली गोष्ट. 'फास्ट' कोण आहे हे विचारायचंच नाही, या वाक्यात तो काय काम करतोय हे विचारायचं. 'इट इज अ फास्ट ट्रेन', इथे ट्रेनबद्दल सांगतोय, विशेषण. 'शी रन्स फास्ट', इथे पळण्याबद्दल सांगतोय, क्रियाविशेषण. 'माय ग्रँडमदर कीप्स अ फास्ट ऑन एकादशी', इथे उपास, म्हणजे नाम. 'दे फास्ट ऑन चतुर्थी', इथे उपास करतात, म्हणजे क्रियापद. स्पेलिंग तेच, उच्चार तोच आणि जाती चार.

मराठीत आपल्याला हे जड जात नाही कारण शब्दाच्या शेवटाकडे बघितलं की बरंचसं कळतं. पाण्याला, पाण्यात म्हटलं की नाम, पळतो, पळाली म्हटलं की क्रियापद. शब्द इकडचे तिकडे केले तरी बिघडत नाही, 'रामाने आंबा खाल्ला' काय आणि 'आंबा रामाने खाल्ला' काय. इंग्रजीत असे प्रत्यय फार थोडे उरलेत, त्यामुळे तिथे सगळा कारभार जागेवर चालतो. आणि गडबड होते ती इथेच, आपण इंग्रजी शब्दाचं मनातल्या मनात मराठी करतो आणि त्या मराठी शब्दाची जात उचलून इंग्रजीला चिकटवतो. नावं अगदी जोडीजोडीने जुळतात ना, म्हणून हा मोह होतो: नाऊन म्हणजे नाम, प्रोनाऊन सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह विशेषण, व्हर्ब क्रियापद, ॲडव्हर्ब क्रियाविशेषण, प्रेपोझिशन शब्दयोगी अव्यय, कंजंक्शन उभयान्वयी, इंटरजेक्शन केवलप्रयोगी. ही जुळणी योगायोगाची नाहीये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा नमुना म्हणून समोर इंग्रजी व्याकरण होतं. आपल्या जुन्या परंपरेत यास्काने तर नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चारच वर्ग केले होते. म्हणजे कप्पे जुळतात, पण एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत त्याच कप्प्यात पडेल याची खात्री नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता एक वाक्य घेऊन पूर्ण सोडवू. पुण्यात पाट्यांना काही तोटा नाही, तेव्हा बागेच्या फाटकावर शोभेल असंच घेते: 'प्लीज पार्क युअर व्हेइकल्स आउटसाइड द पार्क गेट.'

नेहमी सुरुवात क्रियापदापासून करा, पहिल्या शब्दापासून नको. क्रियापद कसं ओळखायचं? वाक्याचा काळ बदला, जो शब्द रूप बदलेल तो क्रियापद. 'दे पार्क्ड देअर व्हेइकल्स', बघा, पहिला 'पार्क' बदलला, तो क्रियापद. दुसरा 'पार्क' तसाच राहिला, म्हणजे तो नाही. 'व्हेइकल्स'च्या आधी 'युअर' आहे आणि मागे अनेकवचनाचा 'स' आहे, नाम. 'युअर' हा त्या नामाचा मालक दाखवतो, आजकालच्या डिक्शनऱ्या त्याला डिटर्मिनर म्हणतात आणि शाळेतली जुनी पुस्तकं पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह, दोन्ही नावं माहीत असू द्या आणि पेपरात डिटर्मिनर हा पर्याय नसेल तर ॲडजेक्टिव्हवर खूण करा. 'आउटसाइड' म्हणजे कशाच्या बाहेर? गेटच्या. उत्तर लगेच पुढे मिळालं, म्हणून प्रेपोझिशन. वाक्य 'पार्क युअर व्हेइकल्स आउटसाइड' इथेच संपलं असतं तर हाच शब्द ॲडव्हर्ब झाला असता, 'द आउटसाइड वॉल' म्हटलं तर ॲडजेक्टिव्ह आणि 'द आउटसाइड ऑफ द वॉल' म्हटलं तर नाऊन. 'द' आर्टिकल. मग दुसरा 'पार्क'. तो गेट कुठलं ते सांगतोय म्हणून मुलं हमखास ॲडजेक्टिव्ह म्हणतात. पण खऱ्या ॲडजेक्टिव्हच्या आधी बहुतेक वेळा 'व्हेरी' लावता येतं, 'व्हेरी बिग गेट' चालेल, 'व्हेरी पार्क गेट' नाही चालणार. तो नाऊनच आहे, फक्त दुसऱ्या नाऊनच्या सेवेला उभा आहे, जसं 'स्कूल बॅग', 'क्रिकेट ग्राउंड', 'बस स्टॉप'. काही पुस्तकांत याला 'नाऊन यूज्ड ॲज ॲडजेक्टिव्ह' म्हणतात, पर्यायात तसं दिलं असेल तर तेच निवडा. राहिला 'प्लीज', त्याला काही डिक्शनऱ्या एक्स्क्लमेशन म्हणतात, काही ॲडव्हर्ब, त्यावर डोकं शिणवू नका.

एवढ्या एका वाक्यात जवळपास सगळी पद्धत आली, आता एकेकाच्या खुणा बघू.

नामाची खूण म्हणजे त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'टू' (म्हणजे दोन) यातलं काहीतरी बसतं. पण 'द' दिसला की लगेच पुढचाच शब्द नाम असं नाही, मधे विशेषणं येऊ शकतात, 'द ओल्ड स्टोन वाडा' मध्ये शेवटपर्यंत चालत जायचं, जिथे तो गट संपतो तिथे मुख्य नाम. आणि गट विशेषणावरच संपला, जसं 'द रिच', 'द पुअर', 'द सिक', तर ते विशेषण नामाचं काम करतंय.

नाम आणि क्रियापद यांची अदलाबदल इंग्रजीत सर्रास चालते. 'वॉटर', 'ब्रश', 'फोन', 'हँड', 'बुक' सगळे दोन्हीकडे. 'आय वॉटर द प्लांट्स' याचं काल केलं, म्हणजे वाक्य भूतकाळात नेलं, की 'वॉटर्ड' होतं, झालं, क्रियापद. 'आय ड्रिंक वॉटर' याचं काल केलं तर 'ड्रँक' बदलतो, 'वॉटर' जागेवरच. काही जोड्यांत तर कानानेच कळतं, आणि मला हा भाग शिकवायला फार आवडतो कारण मुलं एकदम जागी होतात. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि उच्चार 'रिकॉर्ड'सारखा होतो. 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू आणि 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणे. 'ऑब्जेक्ट', 'परमिट', 'इन्क्रीज' यांचंही तसंच. 'यूज' नाम असताना शेवटी 'स' ऐकू येतो, क्रियापद असताना 'झ'. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' मध्ये तर स्पेलिंगही बदलतं, सी म्हणजे नाम, एस म्हणजे क्रियापद, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'थँक्स फॉर युअर ॲडव्हाइज' लिहिलेलं मी इतक्या वेळा बघते की हे एवढं तरी लक्षात ठेवाच.

विशेषण आणि क्रियाविशेषण. इथे मराठी आपल्याला थोडी फसवते, कारण 'चांगला गायक' आणि 'चांगलं गातो' दोन्हीकडे आपला शब्द तोच, नुसतं शेवटचं अक्षर बदलतं. इंग्रजीत 'गुड सिंगर' पण 'सिंग्ज वेल'. ज्याच्याबद्दल सांगताय ते नाम असेल तर 'गुड', काम असेल तर 'वेल'. मग मुलं विचारतात, 'द टी टेस्ट्स गुड' यात तर 'टेस्ट्स' क्रियापद आहे, तिथे 'वेल' का नाही? फार छान प्रश्न आहे आणि त्याला एक सोपी युक्ती आहे, क्रियापद काढून तिथे 'इज' किंवा 'वॉज' ठेवून बघा. 'द टी इज गुड', अर्थ साधारण तोच राहिला, म्हणजे चहाबद्दल सांगतोय, ॲडजेक्टिव्ह. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे 'शी वॉज अँग्री', ॲडजेक्टिव्ह. पण 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर' यात 'वॉज' घालून बघा, वाक्य मोडतं, कारण इथे ती खरंच कंडक्टरकडे बघतेय आणि कसं बघतेय ते सांगायचंय, ॲडव्हर्ब. 'लुक', 'टेस्ट', 'स्मेल', 'फील', 'साउंड', 'सीम', 'बिकम' या मंडळींजवळ ही युक्ती वापरायची.

शेवटी 'ली' आला की ॲडव्हर्ब, हा नियम शाळेत सांगतात आणि तो बऱ्यापैकी चालतोही, पण नाम अधिक 'ली' असेल तर सावध व्हा. 'क्विक' विशेषण, त्याला 'ली' लावला की 'क्विकली' ॲडव्हर्ब. 'फ्रेंड' नाम, त्याला 'ली' लावला की 'फ्रेंडली' ॲडजेक्टिव्ह. तसेच 'कॉस्टली', 'कावर्डली', 'ब्रदरली'. 'डेली' आणि 'वीकली' दोन्ही कामं करतात, 'अ डेली पेपर' आणि 'इट कम्स डेली'. उलट 'हार्ड', 'लेट', 'फास्ट' यांना ॲडव्हर्ब व्हायला 'ली' लागतच नाही आणि 'हार्ड', 'लेट' यांना जबरदस्तीने लावला तर अर्थच फिरतो: 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे खूप कष्ट करते, 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे जवळपास कामच करत नाही. 'लेटली' म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे.

आता जिथे खरे मार्क जातात तिथे येऊ, प्रेपोझिशन, ॲडव्हर्ब आणि कंजंक्शन यांचं त्रांगडं. 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स', 'टिल' हे शब्द वेशीवर बसलेले आहेत. यांचं मराठी केलंत तर सगळीकडे 'नंतर', 'आधी', 'पासून' असंच येतं, काही फरक कळत नाही. म्हणून मराठी करूच नका, त्या शब्दाच्या उजवीकडे बघा. उजवीकडे नुसतं नाम किंवा सर्वनाम असेल तर प्रेपोझिशन, उजवीकडे कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य असेल तर कंजंक्शन, आणि उजवीकडे त्याचं असं काहीच नसेल तर ॲडव्हर्ब. 'सिन्स मंडे', फक्त नाम, प्रेपोझिशन. 'सिन्स ही केम टू पुणे', पुढे कर्ता-क्रियापद, कंजंक्शन. 'ही लेफ्ट इन जून अँड आय हॅव नॉट सीन हिम सिन्स', पुढे पूर्णविराम, ॲडव्हर्ब. 'कम इन' मध्ये 'इन'पुढे काही नाही, ॲडव्हर्ब, 'इन द रूम' मध्ये आहे, प्रेपोझिशन. ही उजवीकडे बघायची सवय लावून घ्या, स्पर्धा परीक्षेतल्या या प्रकारच्या प्रश्नांना दुसरं काही लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

म्हटलं तरी चालेल असं म्हणाले कारण एक अपवाद आहे. 'टर्न ऑफ द फॅन' यात 'ऑफ'च्या उजवीकडे 'द फॅन' आहे, मग प्रेपोझिशन? नाही. इथे तो शब्द हलवून बघायचा. 'टर्न द फॅन ऑफ' असं सरळ म्हणता येतं, म्हणजे 'ऑफ' हा 'टर्न'चा जोडीदार, ॲडव्हर्ब, काही ठिकाणी त्याला पार्टिकल म्हणतात. 'लुक ॲट द फॅन' याचं 'लुक द फॅन ॲट' करता येईल का? नाही. म्हणजे 'ॲट' प्रेपोझिशन. तसंच 'वी वॉक्ड अप द हिल', सिंहगड चढताना म्हणाल ते, यात 'अप' हलत नाही, प्रेपोझिशन. 'वी पॅक्ड अप द टेंट' यात हलतो, 'पॅक्ड द टेंट अप', ॲडव्हर्ब.

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं, कारण आपण रोज ज्या चुका बोलतो त्या बऱ्याचशा इथूनच येतात. 'आय ॲम गोइंग टू होम' हे चूक का? कारण 'घरी जातो' मध्ये जसा 'घरी' एकटाच पुरतो तसा इथे 'होम' ॲडव्हर्ब आहे, त्याला 'टू' लागत नाही. 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड', 'अपस्टेअर्स' यांच्याही आधी म्हणूनच 'टू' नको. 'डिस्कस अबाउट' का चूक? 'डिस्कस' क्रियापद आहे आणि ते आपलं कर्म सरळ घेतं, 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम'. 'डिस्कशन' नाम आहे, त्याला मधे प्रेपोझिशन लागतं, 'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम'. आणि नोकरीच्या मेलच्या शेवटी सगळे लिहितात ते 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू', तिथला 'टू' प्रेपोझिशन आहे, त्याच्यापुढे नामासारखं काहीतरी पाहिजे, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'आय वाँट टू मीट यू' मधला 'टू' वेगळा, तो क्रियापदाच्या मूळ रूपाची नुसती खूण आहे. खात्री करायची तर 'टू'पुढे 'इट' ठेवून बघा, 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' बसतं, 'वाँट टू इट' बसत नाही.

'अगो' हाही एक फसवा शब्द. 'दोन वर्षांपूर्वी' मधला 'पूर्वी' मराठीत शब्दयोगी अव्यय, म्हणून 'टू इयर्स अगो' मधला 'अगो' मुलं डोळे झाकून प्रेपोझिशन करतात. तो ॲडव्हर्ब आहे.

'दॅट' बद्दल थोडक्यात. पुढे लगेच नाम असेल, 'दॅट बॉय', तर डिटर्मिनर किंवा ॲडजेक्टिव्ह. एकटाच उभा असेल, 'दॅट इज माइन', तर प्रोनाऊन. 'आय नो दॅट यू आर बिझी' मध्ये दोन वाक्यं जोडतोय, कंजंक्शन. 'द बुक दॅट आय बॉट' मध्ये 'विच' ठेवून चालतं, म्हणजे रिलेटिव्ह प्रोनाऊन. 'इट इज नॉट दॅट डिफिकल्ट' मध्ये 'व्हेरी'च्या जागी आलाय, ॲडव्हर्ब. 'विच' बदलून बघायची युक्ती तेवढी लक्षात ठेवा, कंजंक्शन आणि रिलेटिव्ह प्रोनाऊन यातच गोंधळ होतो, बाकी आपोआप कळतं. 'हिज' सुद्धा असाच, 'हिज बुक' मध्ये एक काम, 'द बुक इज हिज' मध्ये दुसरं.

'आयएनजी' वाले शब्द. 'नो पार्किंग' मध्ये 'पार्किंग' नामाचं काम करतंय, त्याला जेरंड म्हणतात, तिथे 'इट' ठेवता येणं किंवा आधी 'नो', 'द' येणं ही खूण. 'रनिंग वॉटर' मध्ये पाणी कसलं, तर वाहतं, विशेषणाचं काम, पार्टिसिपल. 'द टॅप इज रनिंग' मध्ये 'इज'सोबत मिळून क्रियापद. 'ड्रायव्हिंग लायसन्स' मध्ये मात्र लायसन्स स्वतः गाडी चालवत नाही, ड्रायव्हिंगसाठीचं लायसन्स, म्हणून ते जेरंड. असं 'साठीचं' म्हणून बघितलं की फरक लगेच कळतो.

शब्दाच्या शेवटावरून अंदाज करायचा असेल तर 'नेस', 'मेंट', 'शन', 'इटी' बहुधा नाम, 'फुल', 'लेस', 'अस', 'एबल' बहुधा विशेषण, 'फाय', 'आइझ' बहुधा क्रियापद. पण अंदाजच तो. 'स्पूनफुल' नाम आहे आणि 'क्वेश्चन', 'मेन्शन' ही नामंही आहेत आणि क्रियापदंही.

मुलांना एक चांगली डिक्शनरी घेऊन द्या, अप्पा बळवंत चौकात स्टुडंट्स डिक्शनरी सहज मिळते. शब्दापुढे बारीक अक्षरात एन, व्ही, एडीजे असं लिहिलेलं असतं आणि एकाच शब्दाखाली तीन-चार जाती असतात, पहिली दिसली की पुस्तक मिटायचं नाही, प्रत्येकीखालचं उदाहरण वाचायचं आणि आपलं वाक्य कुठल्या उदाहरणासारखं दिसतंय ते शोधायचं. रस्त्यावरच्या पाट्यांवर सरावही मस्त होतो, 'स्कूल अहेड, गो स्लो' हे आख्खं सोडवायला सांगा, 'अहेड' आणि 'स्लो' दोन्ही ॲडव्हर्ब आहेत हे स्वतः शोधून काढलं की मूल विसरत नाही.

सरावाला दोन वाक्यं देते. आधी स्वतः करून बघा, मग पुढचं वाचा. 'एव्हरीवन बट द ड्रायव्हर गॉट डाउन बिफोर स्वारगेट, बट द बस वेटेड.' आणि दुसरं, 'पीपल लाइक हिम लाइक वर्किंग अलोन.'

पहिल्यात दोन 'बट' आहेत. पहिल्याच्या उजवीकडे नुसतं 'द ड्रायव्हर', अर्थ 'सोडून', म्हणून प्रेपोझिशन. दुसऱ्याच्या उजवीकडे 'द बस वेटेड' हे पूर्ण वाक्य, कंजंक्शन. 'डाउन'चं पुढे काही नाही, ॲडव्हर्ब. 'बिफोर'पुढे स्वारगेट, प्रेपोझिशन. दुसऱ्या वाक्यात काल करून बघा, 'पीपल लाइक हिम लाइक्ड वर्किंग अलोन', दुसरा 'लाइक' बदलला, तो क्रियापद. पहिल्यापुढे 'हिम' आहे, प्रेपोझिशन. 'वर्किंग'च्या जागी 'इट' बसतं, जेरंड. 'अलोन' कसं काम करणं ते सांगतोय, ॲडव्हर्ब, पण 'शी इज अलोन' म्हटलंत की तोच ॲडजेक्टिव्ह.